न दिसणारं वजन आणि हळदीचं पोतं

विश्वातलं न दिसणारं वजन शोधणाऱ्या मुलाला बायको मिळणं अवघड असतं. दोन हजार सालाच्या सुमारास आमचा पुतण्या सुधाकर पुण्यात तेच शोधत होता, आणि ‘पोरगा काय करतो?’ या प्रश्नावर त्याच्या तीन सोयरिकी मोडल्या होत्या. चौथ्या वेळी बोलायचं काम मी घेतलं. (घरातला जाणता माणूस मीच, असं तेव्हा माझं मत होतं.)

डोंगरकडा या आमच्या गावाहून मुलगी पाहायला हिंगोलीला जाताना जीपमध्ये मी सुधाकरकडून विषय समजून घेतला. न्यूट्रिनो नावाचा कण आपल्या अंगातून आरपार जातो आणि कळतही नाही. (असे पाहुणे आमच्याकडे येत नाहीत!) त्याला वजनच नाही असं वाटत होतं, पण निघालं, अगदी नखभर. इतकं कमी का? तर तराजूसारखं. हे पारडं एवढं वर गेलंय, म्हणजे दुसऱ्यात त्याचा जड भाऊबंद बसला असणार. तो दिसत नाही, कुणात मिसळत नाही. आकाशगंगांच्या वजनाचा हिशेब लागत नाही, तो कदाचित अशाच एखाद्या भाऊबंदामुळे.

“समजलं का, काका?”

“बराबर समजलं.”

मुलीचे वडील हळदीचे अडते. पोहे आले आणि तोच प्रश्न आला.

“शेठ,” मी म्हणालो, “माल दिसतो थोडा अन् वजन भरतं जास्त. हे जास्तीचं वजन येतं कुठून, ते आमचं पोरगं शोधून राहिलं.”

शेठचा चमचा थांबला. “कुठं शोधून राहिलं?”

“सगळीकडं. सरकार पैसे देतं त्याला.”

सुधाकर माझा सदरा ओढत होता. मला वाटलं, लाजतोय.

“अन् सापडलं तर?”

“मंग काय, जगभर छापून येईल!”

शेठनी गड्याच्या कानात काही सांगितलं. मग अडतीतला मोठा काटा ओसरीवर आला, त्यावरचा सरकारी तपासणीचा शिक्का दाखवला गेला आणि खात्री पटावी म्हणून मलाच पारड्यात बसवलं. मी तिथूनही समजावत होतो, की एक पारडं वर गेलं म्हणजे दुसरीकडं कुणीतरी लपलेलं असतंच! शेठ उठून उभे राहिले. सुधाकरनं डोळे मिटले. ही सोयरीकही गेली.

तेवढ्यात मुलगी दारात आली. बी.एस्सी. झालेली होती.

“बाबा, ते आभाळातलं वजन म्हणून राहिले. आपल्या अडतीतलं न्हाई.” मग तिनं सुधाकरला विचारलं, “अन् न्हाईच सापडलं तर?”

“तर न्हाई म्हणून लिहायचं.”

ती आत गेली आणि आतून होकार आला.

लग्न माझ्या बोलण्यानं जमलं, असं मी आजवर सांगत आलो. माझ्या बोलण्यानं मिळालं ते एवढंच, की परतताना जीपमध्ये शेठच्या गड्यानं गुपचूप ठेवलेलं हळदीचं एक पोतं निघालं. मी त्याला पाहुणचार म्हटलं. सुधाकरला लग्नात लावली ती हळद त्यातलीच.

घरी ते पोतं तोललं, तर त्यावर लिहिलेल्या वजनापेक्षा कमी भरलं. म्हणजे माझं बोलणं शेठना बराबर समजलं होतं. समजलं नव्हतं ते फक्त बोलणाऱ्याला.