माझ्याकडे कामाला नसलेले एकशे बारा जण

लालबागला माझं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. दोन गिऱ्हाइकं आत आली की मला फुटपाथवर उभं राहावं लागे. त्या दुकानातून मी एक सॉफ्टवेअर विकलं. पत्रं लिहायची, तक्ते करायचे, असलं. जगभरच्या हौशी लोकांनी बनवून ते इंटरनेटवर फुकट ठेवलेलं. मी नाव बदललं, उघडताना मोर दिसेल असं केलं आणि 'महागड्या परदेशी सॉफ्टवेअरला मराठी माणसाचं उत्तर' म्हणून विकायला काढलं. विकायला कायद्याची हरकत नव्हती. 'मी बनवलं' ही मात्र शुद्ध थाप होती.

पहिलं गिऱ्हाईक गिरगावातलं वाचनालय. कार्यवाहांना नावाजलेलं परदेशीच हवं होतं. ग्रंथपाल बाई माझ्यासाठी भर सभेत भांडल्या. शेवटी कार्यवाहांनी मला समोर बोलावून विचारलं, "हे स्वतः बनवलंत?"

"हो," मी म्हणालो. बाईंनी कार्यवाहांकडे असं पाहिलं की त्यांचं बिस्कीट चहात पडलं.

पण बनवणाऱ्यांची यादी सॉफ्टवेअरच्या आत कुठेतरी तशीच राहिली होती, आणि बाई कुठलीही गोष्ट शेवटच्या पानापर्यंत वाचत. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला सत्यनारायण झाला. दुसऱ्या दिवशी बाई टॅक्सीतून दुकानासमोर उतरल्या. मागच्या सीटवर दोन टोपल्या भरून प्रसादाच्या पुड्या. प्रत्येक पुडीवर एक जर्मन, जपानी नाहीतर ब्राझिलियन नाव, सुवाच्य देवनागरीत.

"एकशे बारा आहेत. बसतात कुठे हो सगळे?" बाई दुकानात डोकावत म्हणाल्या.

"ते... घरूनच काम करतात."

"आणि सगळे तुमच्या हाताखाली! थांबा, कार्यवाहांना सांगतेच."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी टोपल्या उतरवून घेतल्या. आमच्या चाळीत दोन दिवस घरोघरी शिरा चालला होता. बायकोने एक पुडी वाचून विचारलं, "ह्यांतल्या एकाला तरी ओळखता का?"

बारा वर्षं ते डोक्यात राहिलं. गेल्या महिन्यात बाईंच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. बाई आता निवृत्त आहेत, पण कडकपणा तसाच.

"फुकटचं होतं ह्याबद्दल माझं काही म्हणणं नाही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या पुस्तकावर स्वतःचं नाव घालणारा एक सभासद होता आमच्याकडे. त्याला काढला होता मी. तुमच्यासाठी मात्र भर सभेत शब्द टाकला. आता भर सभेत सांगा."

म्हणून इथवरचं हे लिहून वार्षिक सभेत वाचलं. कार्यवाह अजून तेच आहेत. ते उठले, घसा खाकरला आणि म्हणाले, "म्हणजे तेव्हा मी बरोबर होतो."

"अजिबात नाही," मागच्या रांगेतून बाई म्हणाल्या. "सॉफ्टवेअर उत्तम आहे, आपण अजून वापरतो. माणूस खोटा निघाला. इतिवृत्तात असंच लिहा, आणि खाली ती एकशे बारा नावंही."

कार्यवाह मुकाट्याने लिहायला बसले.