मुनग्याच्या पाल्याचं वाण

माझी साखरेच्या आजाराची गोळी दुर्गच्या मोहन नगरातून येते. आमच्या सेक्टरच्या बाजारात मेडिकलचं दुकान आहे, अगदी पायी जाण्यासारखं. पण तिथला दुकानदार मला ओळखतो, त्याची बायको ओळखते, आणि दोघंही 'भाजीवाल्या मॅडम' म्हणूनच ओळखतात. म्हणून आमचे हे स्कूटर काढतात, दुर्गला जातात आणि पुडी माझ्या हातात ठेवत म्हणतात, "घ्या, चोरीचा माल." मला हसू येत नाही.

भाजीवाली मी रिटायर झाल्यावर झाले. शाळेत विज्ञान शिकवायची, ती खोड जाईना. क्वार्टरच्या मागच्या अंगणात मुनगा होताच, तुम्ही त्याला शेवगा म्हणा. त्याच्या शेजारी लाल भाजी, म्हणजे आपला लाल माठ, कढीपत्ता, कारल्याचा वेल लावला आणि त्यांच्याविषयी वाचायला बसले. किडे, बुरशी, कडक ऊन यांच्यापासून वाचायला झाड स्वतःच्या अंगात काही काही द्रव्यं तयार करतं. लाल भाजीचा तो हात रंगवणारा रंग, हळदीचा पिवळेपणा, कारल्याचा कडूपणा, सगळं त्यातलंच. आयुष्यभर असं रंगीत ताट जेवणाऱ्यांना साखर, हृदयाचे आजार कमी होताना दिसतात, असं वाचलं. 'कमी होताना दिसतात' हे मी नीट वाचलं होतं. पण चार बायका समोर बसल्या की माझ्या तोंडून 'होतच नाहीत' असं निघायचं. माना त्यालाच डोलतात ना.

मग मलाच साखर निघाली. रिपोर्ट हातात आला तेव्हा आजाराची भीती राहिली बाजूला, मला मेली लाजच वाटली. डॉक्टर म्हणाले, आईला होती, वडिलांना होती, तुम्हाला इतक्या उशिरा आली, तुमच्या भाज्यांचाही त्यात हात असेल. केवढी चांगली गोष्ट सांगितली होती त्यांनी. चारचौघींत ताठ मानेनं सांगता आली असती. मी कुणाला काही सांगितलं नाही. गोळी सुरू केली आणि भाषणंही सुरू ठेवली.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण काय लुटायचं, यावर माझं डोकं जरा जास्तच चाललं. बाकीच्या बायका स्टीलच्या वाट्या देतात, कंगवे देतात. मी मुनग्याचा पाला सावलीत वाळवला, मिक्सरमधून काढला आणि छोट्या डब्यांत भरला. हळदीकुंकू लावायचं, तिळगूळ द्यायचा, डबी द्यायची आणि वर पाच मिनिटं पाल्याचे गुण सांगायचे. सुटका कुणाची नाही.

शेजारच्या वहिनीही आल्या होत्या. त्या नागपूरकडच्या, त्यांचे मिस्टर दुर्गला रेल्वेत. वहिनींना साखर जुनी, आणि त्या ती कधी लपवत नसत. डबी उघडून वास घेत त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "ताई, हा पाला खाल्ला तं मंग गोळीचं काय?"

खोलीतल्या साऱ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हणाले, "माझ्याकडे बघा की. मी घेते का गोळी?"

सकाळचीच पोटात होती.

थोड्या दिवसांनी वहिनी फाटकाशी भेटल्या. खुशीत होत्या. "ताई, मी बी आता तुमच्यावानी. गोळी बंद, नुसता पाला." तिथल्या तिथे सांगायचं होतं. रस्त्यावर कुणीसुद्धा नव्हतं. मी म्हणाले, "एकदा तपासून घ्या हं." एवढंच म्हणाले आणि कढीपत्त्याची डहाळी त्यांच्या हातात देऊन आत आले. दुपारभर स्वतःवर चिडचिड केली, ती यांच्यावर काढली, आणि संध्याकाळी पुन्हा गप्प बसले.

मग नवी चप्पल लागून त्यांच्या अंगठ्याला जखम झाली. ती भरेना. त्या हळद लावत राहिल्या. हळदीचे गुणही त्यांना मीच सांगितलेले. पाय काळानिळा पडला, ताप चढला, तेव्हा घरच्यांनी दवाखान्यात नेलं.

मी भेटायला गेले तेव्हा डॉक्टर पट्टी बघत होते. साखर फार वर गेली होती. अंगठा राहतो की काढावा लागतो, अजून सांगता येत नाही, म्हणाले. वहिनी पडल्या पडल्या माझ्याकडे हात करून त्यांना म्हणाल्या, "पण आमच्या ताई पाहा न, नुसत्या भाजीवर आहेत. मलेच कावून नाही लागू पडलं?"

"भाजी सोडा असं कोण म्हणतंय?" डॉक्टर म्हणाले. "भाजीनं आजार लांब राहायला मदत होते. घरात शिरल्यावर त्याला गोळीही लागते." आणि ते पुढच्या खाटेकडे गेले.

मी स्टूल जवळ ओढलं आणि सांगून टाकलं. मी घेते. संक्रांतीच्या आधीपासून घेते. त्या दिवशीही घेतली होती.

वहिनी छताकडे बघत राहिल्या.

"मंग मले कावून नाही सांगितलं?"

"लाज वाटली."

"गोळीची?"

मी मान डोलावली. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "हे रोज म्हणत होते, गोळी घे म्हणून. मी भांडली त्यांच्याशी. म्हटलं, ताईहून तुमाले जास्त समजते का."

तेवढ्यात त्यांचे मिस्टर डबा घेऊन आले. ड्युटीवरून थेट आले असावेत, डोळे तारवटलेले. मला बघून त्यांनी हात जोडले. "बरं झालं आल्या, ताई. तुमीच समजवा हिले. आमचं कोणाचंच ऐकून नाही राहिली, तुमच्या शब्दाबाहेर मात्र जात नाही."

मी वहिनींकडे पाहिलं. आता त्या सांगणार, असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर सांगावं असंही वाटलं.

"समजवलं त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "घेईन मी गोळी."

मी निघाले तेव्हा त्यांचे मिस्टर मला खाली ऑटोपर्यंत सोडायला आले आणि ऑटो हलेपर्यंत आभार मानत राहिले.