आईच्या खोलीतली ओल

खराडीतली जमीन वाटली तेव्हा दादानं माळ घेतला आणि मी विहिरीजवळची काळी जमीन पटकावली. गाव माझ्या हुशारीचं कौतुक करत होतं. पुढे त्याच माळावर कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठल्या आणि दादानं काडीही न हलवता बंगला बांधला, तोही माझ्या घराशेजारीच, मधे फक्त त्याची बाग. माझ्या घराची वीट अन् वीट मार्केट यार्डात कांदा विकून आलेली. पण आई माझ्याकडे राहायची. तेवढं एक दादाकडे नव्हतं.

एका वर्षी तिच्या खोलीची दादाच्या बाजूची भिंत बिघडली. रंगाचे पोपडे, मिठासारखी पांढरी पूड आणि कमरेच्या उंचीवर आडवी पिवळट रेघ. आईला खोकला धरला.

"पावसाचं पाणी मुरलं आसंल," दादा म्हणाला. "आईला आमच्याकडं धाड. आमच्या भिंती कोरड्या हायेत."

"असणारच. तिथं घाम गाळलाय कुणी?"

पावसाची ओल वरून येते, ही खालून चढली होती. पोत्यांखाली फळ्या घातल्या नाहीत की तळाचा कांदा असाच सडतो, वरचा शाबूत राहतो. मी भिंतीवर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवला. पाणी कागदाच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला जमलं. म्हणजे दोष हवेचा नव्हता, भिंतीतच ओल होती. मी तडक दादाच्या बागेत गेलो. हिरवळीसाठी त्यानं माझ्या भिंतीला टेकवून, जोत्याच्याही वर माती भरली होती. जोत्यावरचा ओल अडवणारा थर तिच्याखाली गाडला गेला होता. वर रोजचे फवारे. हिरवळ इतकी मऊ की चप्पल काढावीशी वाटली. त्याचाच जास्त राग आला.

"माती काढ, नाहीतर मी काढतो!"

"आरं, सांगायचं की आधी," म्हणत त्यानं त्याच दिवशी माती काढवली, चर खणून त्यात खडी भरली. भांडायलाही जागा ठेवली नाही.

गवंडी म्हणाला, रेघेच्या वरपर्यंत गिलावा खरवडायचा, हिवाळाभर विटा उघड्या ठेवायच्या, मग चुन्याचा गिलावा. त्या धुळीत आई झोपणार कशी? तिची खाट मीच दादाकडे पोचवली.

ती तिथं नातवाच्या कॉम्प्युटरसमोर बसून हसायची. खोकला गेला होता.

भिंत वाळली. पुन्हा कागद चिकटवून पाहिला, तो आतून कोरडा निघाला. नवा गिलावा झाल्यावर मी आईला बोलावलं. तिनं तळवा टेकवला.

"गार लागतीय."

"गार आहे, ओली नाही."

"तू इकणारा. तू कवा आपला माल ओला म्हणशील?"

दाराशी जाऊन ती थांबली. "माझी उशी दे."

"नवी घेऊन द्यायला सांग त्याला," मी म्हणालो आणि दार लावून घेतलं.