ताईचे गणपती मॉरिशसला गेले

माझी थोरली बहीण लग्न होऊन पेणला गेली ती गणपतीच्या कारखान्यातच. कारखाना म्हणजे घराची पडवी आणि तिच्यापुढे पत्र्याची लांब शेड. वर्षभर सुकायला मांडलेल्या मूर्तींमधून वाट काढत चालायचं. आमचं माहेर आतल्या गावातलं, भात आणि वालाच्या शेतीचं. मूर्तिकाम तिला येत नव्हतं. भावजी मूर्ती घडवायचे, डोळे आखायचे. ताई रंगाची भांडी धुण्यापासून सुरुवात करून हळूहळू गिऱ्हाईक आणि मालाची भरणी सांभाळायला लागली. मी रोह्याला एका केमिकल कंपनीच्या डिस्पॅचमध्ये आहे, परदेशी जाणाऱ्या ड्रमांचे कागद करते. दोघींच्या कामाचा एकमेकींशी कधी संबंध येईल असं मला वाटलं नव्हतं.

एका हिवाळ्यात मॉरिशसहून एक बाई पेणला आल्या. तिथे त्यांचं पूजेच्या सामानाचं दुकान. पूर्वज कोकणातून गेलेले, त्यामुळे घरात अजून मराठी होती, पण जरा वेगळ्या चालीची. मध्येच एखादा फ्रेंच शब्द यायचा. त्यांना शाडूच्या मूर्ती हव्या होत्या. सगळ्या कारखान्यांनी त्यांना एकच सांगितलं, शाडू जहाजातून धड पोचत नाही, प्लास्टरच्या न्या. ताईच्या दारात आल्या तेव्हा त्या अगदी दमल्या होत्या. ताईने पाणी दिलं, बसवलं आणि विचारलं, "प्लास्टर का नको?" तोवर हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

"आमच्याकडे किनाऱ्याला पाणी उथळ, काचेसारखं," त्या म्हणाल्या. "मूर्ती विरघळली नाही तर तिथंच दिसत राहते. मुलं पोहायला उतरतात, तर पायाखाली हात दिसतो, सोंड दिसते. मला ते बघवत नाही."

ताई म्हणाली, "मी पाठवते शाडूच्या."

भावजींनी हातातला ब्रश खाली ठेवला.

संध्याकाळी मला फोन. "तुमच्या कंपनीचे ड्रम जातात ना गो परदेशी? मग माझे गणपती का नाय जायचे?"

"ड्रमाला सोंड नसते, ताई."

ती हसली नाही. मग मी नीट सांगायला लागले. पेंढा चालणार नाही. पेंढ्यातून कीड जाते म्हणून तो बंदरातच अडवतात. लाकडी खोकं असेल तर लाकूड तापवून घेतलेलं हवं, त्यावर तसा शिक्का हवा. मूर्ती पेंढ्यात भरायची हे ताई सासूच्या हाताखाली शिकली होती, आणि तेच तिचं खास काम होतं.

"बरं. पेंढा नाय. आजून काय काय नाय ते सांग."

"दुरुस्तीसाठी म्हणून शाडूची पिशवीसुद्धा टाकू नको. दुसऱ्या देशाची माती कोणी सहज आत घेत नाही."

"मग मूर्ती कशी घेतील? ती पण मातीच हाय."

"घडवली की तिचा माल होतो. तरी त्या बाईंना म्हणावं, तिकडची परवानगी आधी काढा."

ताईने ती परवानगी हातात येईपर्यंत एकही मूर्ती रंगवायला घेतली नाही.

त्या दिवसांत मात्र तिने भरणीचे प्रयोग मांडले. बिनरंगाची मूर्ती खोक्यात भरायची आणि रोह्याला येणाऱ्या ओळखीच्या टेम्पोत द्यायची. वडखळपासूनचे रस्त्यातले खड्डे म्हणजे समुद्रच, असं तिचं म्हणणं. रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात माझ्या घरी मी खोकं उघडायचे आणि फोन करायचे. पहिल्या खोक्यात कागदाची कात्रणं गच्च भरली होती. मूर्तीचा वरचा हात मोडलेला. दुसऱ्यात जाड फोम, सोंड गेली. शेजारणी विचारायच्या, "आत्तापासून गणपती आणता काय गो?" मी तुकडे गोळा करून परत पाठवायचे. शाडू भिजवली की पुन्हा मळता येते, त्यामुळे त्याच मातीची पुन्हा मूर्ती व्हायची.

असं बरेचदा झालं. माझाच धीर सुटायला लागला. एकदा मी म्हटलं, "ताई, सोड ना आता. प्लास्टरवाले काय वेडे आहेत?"

"तू फक्त सांग, तुकडा कुठं पडलाय. वर की खाली?"

तुकडे नेहमी भरणीतच रुतलेले असायचे. मी तसं सांगितलं, आणि तिच्या लक्षात आलं की मूर्ती धक्क्याने मोडतच नव्हती. आपण जे प्रेमाने चहूबाजूंनी कोंबतो, तेच हलताना बोटांवर आणि सोंडेवर दाबत होतं. पुढच्या खोक्यात तिने मूर्ती पाटावर कापडी पट्ट्यांनी बांधली, पाठीला आधार दिला आणि पुढचा सगळा भाग मोकळा सोडला. मी खोकं उघडलं. मूर्ती जशी भरली होती तशीच बसलेली. मी फोनवर इतक्या जोरात ओरडले की तिला वाटलं सगळंच फुटलं.

पावसाळ्याच्या खूप आधी माल न्हावाशेव्याच्या बंदरात गेला. तिथे जहाजात जागा नव्हती, आमची खोकी ज्यात होती तो कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलला. माझी झोप उडाली. ताईने मात्र असं काही होणार हे धरूनच माल लवकर काढला होता. "चतुर्थी थांबत नाय, आपणच आधी निघायचं," एवढंच म्हणाली.

माल पोचला त्या दिवशी मी पेणलाच होते. मॉरिशसच्या बाईंनी व्हिडिओ कॉल लावून खोकी उघडली. एकेक मूर्ती बाहेर येत होती आणि भावजी मोबाईलच्या अगदी जवळ तोंड नेऊन बघत होते. मग एका मूर्तीच्या कानाचा कोपरा उडालेला निघाला. बाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "ही आता पूजेला चालणार नाही."

ताई म्हणाली, "मूर्ती आडवी करा, सांभाळून. खालून पोकळ हाय ना? आतनं चमचाभर माती खरवडा. थोडं पाणी घाला. मळा. व्हय, तशीच."

बाईंनी आयुष्यात कधी माती मळली नव्हती. ताई इथून बोटं हवेत फिरवून दाखवत होती, त्या तिथे तशीच फिरवत होत्या. कान थोडा जाड झाला, पण कान झाला. वरून रंग दिला, आणि तो सुकल्यावर त्यांनी ती मूर्ती विकली नाही, स्वतःच्याच घरी बसवली.

पुढच्या वर्षी मोठी मागणी आली. ताईने गल्लीतल्या बायकांना बोलावून पट्ट्या कशा बांधायच्या ते दाखवलं. भावजी कुरकुरले, "एवढी खटपट केलीस ती लोकांना वाटायला?"

"आख्खा कंटेनर आपल्या एकट्याच्यानं भरणार हाय काय?" ती म्हणाली.

आता दरवर्षी चार-पाच कारखान्यांचा माल एकत्र जातो. भरणीच्या दिवशी मी रजा टाकून जाते. ताई ट्रकपाशी उभी असते, प्रत्येक खोकं हलवून कान लावते, आणि एखाद्यात जरासा आवाज आला तरी ते उतरवून पुन्हा उघडायला लावते, मग ते शेजारच्यांचं का असेना. कोणी वाद घालत नाही. मी इतकी वर्षं परदेशी माल पाठवते, पण माल पाठवणं म्हणजे काय ते मला तिला तिथे उभी बघून कळलं.