कॅरम बोर्डावरचा पूल

परवा एका बारशात पुन्हा तेच. माझी चुलतबहीण हातात पेढा धरून नव्या सुनांना सांगत होती की, आमच्या काकांना वाशीत सुनेनं टिकू दिलं नाही, हळदीकुंकवाला हॉल रिकामा हवा म्हणून सासऱ्याला गिरगावात धाडलं. ती सून, म्हणजे माझी बायको, समोरच बसली होती. तिनं पाण्याचा घोट घेतला आणि दुसरीकडे पाहिलं. चाळीस वर्षं ती अशीच दुसरीकडे पाहते आहे. मला त्या गोष्टीचा वीट आला आहे, आणि वीट येण्याचा हक्क खरं तर तिचा.

आई गेल्यावर बाबा गिरगावात थोरल्या भावाकडे होते. वाशीला फ्लॅट मिळाल्यावर मीच त्यांना हट्टानं घेऊन आलो. त्यांना काही पसंत पडेना. रस्ते ओसाड, ओळखीचं कोणी नाही, पेपर उशिरा येतो. अशात माझ्या मेहुण्यानं मुलांसाठी एक जिगसॉ पझल आणलं. तो बोटीवर नोकरीला होता. खोक्यावर परदेशातल्या कुठल्याशा नावाजलेल्या पुलाचं चित्र होतं. दोन उंच मनोरे, त्यांच्यापासून दोन्ही बाजूंना तिरक्या ताणलेल्या तारा आणि त्या तारांनी उचलून धरलेला रस्ता. खाली पाणी, वर नुसतं निळं आकाश. आम्हाला पूल म्हणजे खाडीवरचा, चिखलात पाय रोवून उभा असलेला. बाबांनी खोकं चष्म्याजवळ धरलं आणि म्हणाले, असल्या पुलावरून मी तरी जाणार नाही.

मुलं लगेच कंटाळली. बाबांनी मात्र सगळे तुकडे कॅरम बोर्डावर घेतले. त्या दिवशी भाऊ आला होता, सोसायटीतले दोघे बसले होते. त्या सगळ्यांसमोर त्यांनी जाहीर केलं, "हा पूल पुरा होईपर्यंत इथं राहतो. पूल झाला की मी गिरगावात."

बाबांचा शब्द ही आमच्या घराची जुनी कटकट. एकदा रागाच्या भरात चहा सोडला म्हणाले, तर पुढे दुसऱ्यांच्या कपाचा वास घेत बसायचे, पण प्यायले नाहीत.

बोर्ड दोन स्टुलांवर, नेमका गॅलरीच्या दाराशी. बायको ओल्या कपड्यांची बादली घेऊन तिथून तिरकी होऊन जायची. पंखा एकच्या वर लावायचा नाही, दार आपटायचं नाही, कॅरम तर विसराच. मनोरे झाले, तारा झाल्या, पाणीसुद्धा झालं. आकाश काही होईना. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकोनं विचारलं, एका दिवसापुरता बोर्ड आत ठेवू का? बाबा म्हणाले, हलवला तर मोडेल. तिनं वाद घातला नाही. आलेल्या बायकांना स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभं केलं आणि वाण तिथंच दिलं. त्या बायकांनी ही बातमी गिरगावापर्यंत नेली. तिचा दोष एवढाच.

चिडलेला होतो मी. ऑफिसातून आलो की तो निळा खड्डा समोर. बाबा रोज सकाळी खाडीवर जायचे. तिथं वाशीगावातल्या एका म्हाताऱ्या कोळ्याशी त्यांची गट्टी जमली होती. दोघं गॅलरीत पान खात बसायचे, कधी तो निवट्या, म्हणजे खाडीच्या चिखलातले मासे, घेऊन यायचा. मी म्हणायचो, इकडे पान चघळताहेत आणि तिकडे आकाश तसंच पडलंय.

एका रविवारी बाबा त्या कोळ्याच्या घरी साखरपुड्याला गेले. बायको मुलांना घेऊन माहेरी गेली होती. जेवण झाल्यावर मला सुपारी हवी होती, म्हणून बाबांचा पानाचा डबा उघडला. तळाशी एक रुमाल होता आणि रुमालात मूठभर आकाश.

चुकून कोणी आकाश रुमालात बांधत नाही. मला त्याच क्षणी कळलं की बाबांना जायचं नाही. चारचौघांत दिलेला शब्द गिळता येत नव्हता, म्हणून ते पूल लांबवत होते. पुढे मी सगळ्यांना सांगत आलो की आम्हाला काही कल्पना नव्हती. होती. तरीही मी स्टूल ओढलं, बसलो आणि अंधार पडायच्या आत पूल पुरा केला. मला माझा हॉल हवा होता.

बाबा आले तेव्हा कोळी बरोबर होता. तो बोर्डाकडे बघून खूश झाला. "झकास झाला की रं! आता पार्टी दे."

बाबांनी मला विचारलं, "झाला?"

"झाला. थोडे तुकडे तुमच्या डब्यात होते."

ते माझ्याकडे बघेनात. म्हणाले, "सकाळची बस बघ."

बायको आली ती पिशवी भरलेलीच बघायला. तिनं पिशवी धरून ठेवली. म्हणाली, "बाबा, मोडू या आणि परत लावू या की. कोणाला कळतंय?"

"मला कळतंय ना, मुली," बाबा म्हणाले.

सोडायला मी गेलो. बस खाडीच्या पुलावर आली तशी त्यांनी मान खिडकीकडे वळवली आणि पूल संपेपर्यंत ते खालचा चिखल बघत राहिले. पुन्हा ते वाशीला आले नाहीत. गिरगावात कोणी सुनेचा विषय काढला की म्हणायचे, तिचं काही नाही. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याचं मन मोठं. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही, आणि मीही नाही.

बारशाहून घरी आल्यावर मी बायकोला एकदाचं सगळं सांगितलं. ती साडीची घडी घालत होती, ती घालतच राहिली.

"तो रुमाल मीच दिला होता त्यांना," ती म्हणाली. "आणि मी माहेरी असताना डबा उघडणारं घरात दुसरं कोण होतं?"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी बोलताय ते बघत होते. आता मला काय सांगताय? त्या पेढेवालीला सांगा."

म्हणून हे लिहिलं. उद्या चुलतबहिणीकडे जाणार आहे. चष्मा सापडत नाही म्हणाली, तर मी वाचून दाखवीन.