बहिणीचं तळ्यात-मळ्यात

माझी धाकटी बहीण पेनसिल्व्हेनियात राहते आणि ती तिथे कुठल्याच पक्षाची नाही. नागरिकत्व मिळाल्यावर मतदारनोंदणी करताना तिने मुद्दाम कुठलाच पक्ष लावून घेतला नाही. मला ह्याचा भयंकर राग यायचा. त्या राज्यात दोन्ही पक्षांचं बळ जवळपास सारखं. मग राष्ट्राध्यक्ष कोण होणार ते ह्या तळ्यात-मळ्यात करणाऱ्यांच्या हातात. दारावर माणसं येतात, फोन येतात, टपालपेटी पत्रकांनी भरून वाहते. आणि बाईसाहेब म्हणणार, "बघू रे दादा, शेवटी ठरवू."

बघू काय बघू? साडी निवडतेय का ही?

इकडे आखातात, अल मनखूलमध्ये, मी बावीस वर्षं बिनमताचा. इथे मत असायचं कारणच नाही. पुण्याच्या यादीत नाव आहे, पण त्यासाठी स्वतः जाऊन बोट पुढे करावं लागतं, आणि नेमकी तेव्हाच रजा मिळत नाही. ह्या वेळी मात्र माझ्या घरचं काम त्या निवडणुकीत अडकलं होतं. मुलगी अमेरिकेतल्या कॉलेजांचे अर्ज भरत होती. तिला तिथेच शिकायचं होतं, आठवीपासून दुसरं काही बोलतच नव्हती. आणि दोघांपैकी एक उमेदवार परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाबद्दल तोंडाला येईल ते बोलत होता.

रोज जेवताना मी बहिणीच्या नावाने बोटं मोडायचो. बायको म्हणायची, "अहो, मग तिलाच सांगा ना."

"फोनवर असलं बोलतात का?"

ही माझी सवय. कुणी लावली नाही, माझी मीच लावून घेतली. ऑफिसात एका टेबलाशी पाच देशांची माणसं. राजकारण निघालं की कुणीतरी "यल्ला, चाय" म्हणतं आणि सगळे उठतात. फोनवर तर मी हवापाण्यापलीकडे जातच नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी मी ऑफिसातून निघत होतो. तिचा फोन आला.

"दादा, उद्या मत द्यायचंय आणि माझं अजून ठरत नाही. दोघंही सारखेच वाटतात मला. पण पोरीचा प्रश्न आहे. तू सांगशील त्याला देते. बोल."

लिफ्टपाशी शेजारी दोन सहकारी उभे होते. माझ्या तोंडून काय निघावं? "थंडी पडली का गं तिकडे?"

"दादा, नाव सांग."

"तुला योग्य वाटेल ते कर. जेवलीस का?"

तिकडे सकाळ होती. ती "बरं" म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तिने इतर सगळ्या पदांसाठी मत दिलं आणि राष्ट्राध्यक्षाची जागा कोरी सोडली. आठवड्याने तिनेच सांगितलं. "तू काही बोलला नाहीस, मला वाटलं तुला फरक पडत नाही." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. वाट्टेल ते बोललो तिला. तेव्हा मात्र आजूबाजूला कोण आहे ते मी बघितलं नाही.

एका मताने काही झालं नसतं, एवढं मला कळतं. पुढच्या उन्हाळ्यात मुलीचा व्हिसा नाकारला, त्याचा आणि निवडणुकीचा संबंध किती तेही देव जाणे. पण ज्या दिवशी पासपोर्ट परत आला, त्या दिवशी मी जेवणाच्या टेबलावर पुन्हा सुरू झालो. एवढं मोलाचं मत हातात असून वाया घालवणारी माणसं, लाज वाटायला हवी, सख्ख्या भाचीसाठी एवढं करवलं नाही हिला.

मुलगी मान खाली घालून वरणभात कालवत होती. आत्याशी तिचं बोलणं होत असतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"शी आस्क्ड यू, बाबा," ती म्हणाली आणि ताट घेऊन आत गेली.