मॉडेमची जागा

हमरापूरच्या आमच्या घरातल्या कॉम्प्युटरवर मी विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकलं होतं. विंडोजमध्ये इंटरनेट लागायचं. लिनक्समध्ये मात्र मॉडेमने नंबर फिरवला की अख्खं मशीन थिजायचं. मी वैतागून लिनक्स दोनदा पुसून पुन्हा टाकलं. शेवटी कारण सापडलं. मशीनला हाक मारायला मॉडेम आणि साउंड कार्ड, दोघांना एकच इंटरप्ट नंबर मिळाला होता आणि तो काही केल्या बदलेना.

त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बायको गणपतीचे डोळे आखत होती. माझी कुरकुर ऐकून तिने विचारलं, "दोघं शेजारी बसवलेत काय?"

"व्हय."

"मग एकाला उठवा. मूर्तींच्या कारखान्यात डोळे आखणाऱ्या दोघींना एका फळीवर बसवत नाय. एकीचं कोपर हललं की दुसरीच्या गणपतीची नजर फिरते."

काहीतरीच, असं पुटपुटत मी कॅबिनेट उघडलं आणि मॉडेमचं कार्ड टोकाच्या खाचेत बसवलं. लिनक्समध्ये मॉडेम पहिल्यांदाच सुखाने किंचाळला. मी आनंदाने टेबलावर हात आपटला.

बायकोने हातातला गणपती माझ्याकडे वळवला. तो तिरळा बघत होता.

त्याच दुपारी मला कॉम्प्युटरसकट पडवीत हलवण्यात आलं.